सातवा महिना, माहेर आणि रात्रीचा श्वास

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मुठा खोऱ्यातही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. सातवा महिना लागला की डोहाळजेवण व्हायचं, हिरव्या साडीत ओटी भरली जायची, आणि मग माहेरहून भाऊ किंवा वडील येऊन लेकीला घेऊन जायचे. पुढचे दोन-तीन महिने आणि बाळंतपणानंतरचा सव्वा महिना ती आईजवळ राहायची. सासरच्या कामाच्या रगाड्यातून तिची सुटका व्हायची, आणि आईच्या नजरेखाली पोट वाढायचं.

मुठा हे मुळशी तालुक्यातलं गाव. याच नावाची नदी सह्याद्रीत उगम पावते, टेमघरच्या धरणात अडते, खाली आंबी आणि मोसे या नद्यांना सोबत घेऊन खडकवासल्याला येते आणि पुण्यात मुळेला मिळते. शिवकाळातल्या बारा मावळांमध्ये हे खोरंही होतं. भाताची खाचरं, डोंगरउतारावरच्या धनगरांच्या आणि कातकऱ्यांच्या वस्त्या आणि पावसाळ्याचे चार महिने कोसळणारा पाऊस, असा हा मुलूख. आज मुठा घाट ओलांडला की उरवडे, पिरंगुट करत मोटार तास-दीड तासात पुणं गाठते. पण पक्का रस्ता येण्याआधी अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून चार माणसांनी खांद्यावर न्यायचं, हाच मार्ग होता. ओढ्याला पाणी असलं तर तोही नाही.

म्हणून भरवसा होता सुइणीवर. तिचं कौशल्य हातात होतं. पोटावरून हात फिरवून ती बाळ आडवं आहे की सरळ, डोकं खाली आलं की नाही हे सांगायची. तेल लावणं, शेक देणं, कळा खऱ्या की खोट्या हे ओळखणं, नाळ कापणं, वार पूर्ण पडली का ते बघणं, हे तिनं सासूकडून किंवा आईकडून उचललेलं असायचं. पायांवरची सूजही तिला दिसायची. पण भरल्या पोटी पाय सुजतातच, असं सगळेच म्हणत. बहुतेक वेळा ते खरंही असे.

एक गोष्ट मात्र कितीही जाणता हात असला तरी कळण्यासारखी नव्हती. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. पहिलटकरीण घरात वावरते, खाते-पिते, हसते. मग एखाद्या दिवशी डोकं ठणकायला लागतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तोंड सुजतं, बरगडीखाली दुखतं आणि काही तासांत झटके सुरू होतात. घरच्यांना ते बाहेरची बाधा वाटे. अंगारा लावला जाई, लिंबू उतरवलं जाई. ज्यांनी हे केलं त्यांची माया खोटी नव्हती. त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं, आणि त्या काळी पुण्या-मुंबईच्या किंवा लंडनच्या डॉक्टरांच्या हातीही फारसं काही नव्हतं.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले जॉन लीव्हर यांनी १८४३ मध्ये झटके आलेल्या गरोदर स्त्रियांची लघवी तापवून पाहिली, तेव्हा त्यांना जवळजवळ प्रत्येकीच्या लघवीत प्रथिन सापडलं. निरोगी गरोदर स्त्रियांच्या लघवीत ते नव्हतं. आजाराची पहिली मोजता येणारी खूण हीच. दुसरी खूण मिळायला अर्धं शतक गेलं. १८९६ मध्ये इटलीतल्या तुरीनमध्ये शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी असलेलं उपकरण तयार केलं. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी दंडाखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकण्याची पद्धत सांगितली. रक्तदाबाचे वरचा आणि खालचा असे दोन आकडे तेव्हापासून मिळू लागले. तरीही गरोदर बाईला काही होत नसताना दर महिन्याला तपासायचं, ही कल्पना रुजायला विसाव्या शतकाची दुसरी-तिसरी दशकं उजाडली. आजाराला तेव्हा ‘टॉक्सिमिया’ म्हणत, कारण रक्तात कसलंसं विष उतरतं असा समज होता. ते विष कुणाला कधीच सापडलं नाही.

महाराष्ट्रात बाळंतपणातल्या मृत्यूंच्या प्रश्नाला हात घालणाऱ्या काही बायका स्वतः त्याची झळ सोसलेल्या होत्या. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं. वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचलं असतं, ही सल त्यांना अमेरिकेला घेऊन गेली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. मायदेशी परतून हाती घ्यायचं काम सुरू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

पुण्यात १८६७ पासून ससून रुग्णालय उभं होतं. पण दवाखान्यात बाळंत होणं घरंदाज बाईला कमीपणाचं वाटे, आणि पुरुष डॉक्टरचा हात लागणं तर अशक्यच. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या नावानं निधी उभारला, तो देशी दायांना शिकवण्यासाठी. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. विधवा आणि परित्यक्ता बायकांनी ससूनमध्ये परिचारिका आणि सुईण म्हणून शिकावं, यासाठी सेवासदन झटलं. लोकांनी नावं ठेवली, तरी बायका शिकल्या. घरातल्या सुइणीच्या हाताशी आता कात्री उकळून घेण्याची आणि नखं कापून हात धुण्याची शिस्त जोडली गेली. बाळंतरोगाला आणि अर्भकांच्या धनुर्वाताला त्यानं खीळ बसू शकत होती. रक्तदाब मात्र अजूनही त्या शिकवणीबाहेर होता.

मुळशी आणि मावळातली बरीच पुरुषमंडळी पोटासाठी मुंबईला जात. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी डबे पोचवायला. काहींची बिऱ्हाडंही तिकडे होती. त्या मुंबईत बाळंतपणात किती बायका जातात आणि का जातात, हा प्रश्न डॉ. जेरुशा झिराड यांनी धसाला लावला. शिवमोग्याला जन्मलेल्या आणि पुण्यात शाळा शिकलेल्या झिराड बेने इस्रायली समाजातल्या. १९२८ ते १९४७ या काळात त्यांनी कामा हॉस्पिटलची धुरा वाहिली. मुंबई शहरातल्या मातामृत्यूंच्या कारणांवरचा त्यांचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. बाई गेली, नशीब तिचं, असं म्हणून जिथे विषय संपायचा, तिथे झिराड यांनी प्रत्येक मृत्यूला कारण असतं आणि ते लिहून ठेवता येतं, हा पायंडा पाडला. पुढे १९५० मध्ये देशभरातल्या प्रसूतितज्ज्ञांचा महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्ष त्याच झाल्या.

शहरातली तपासणी खेड्याच्या उंबऱ्यापर्यंत नेण्याचं काम पुण्यातूनच सुरू झालं. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात आल्या, तेव्हा ते चाळीसेक खाटांचं होतं. त्यांनी ते मोठं केलं, आणि सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. रुग्णानं दवाखान्यात येण्याची वाट न बघता गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर पाठवायचं, ही त्यांची रीत. याच सुमारास, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला अक्षरओळखही नसलेल्या बायकांना गावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार करायला घेतलं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये आणि कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर गावोगाव दिसू लागलेल्या ‘आशा’ताईंची मुळं अशा कामांत आहेत.

या बायकांबरोबर खेड्यात पोचलेली तपासणी अगदी साधी होती. काचेच्या नळीत सकाळची लघवी घ्यायची, नळी चिमट्यात धरून वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. उकळी आली की त्यात ॲसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकायचे. गढूळपणा विरला तर काळजी नाही. पांढरा ढग तसाच राहिला तर लघवीतून प्रथिन जातंय. मग दंडाला पट्टा, रबरी फुगा दाबत पारा चढवायचा, झडप सैल करत हळूहळू उतरवायचा, कान कोपराच्या खोबणीत लावलेल्या स्टेथोस्कोपकडे. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके विरतात तो खालचा. विसाव्या आठवड्यानंतर १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आणि सोबत प्रथिन, की बाईला तालुक्याच्या गावी किंवा पुण्याला पाठवायचं. लीव्हर आणि कोरोत्कोव्ह यांच्या दोन्ही खुणा अशा एका पिशवीत मावल्या.

औषधाची कहाणीही बरीच वळणं घेत गेली. मद्रासचे डॉ. एम. के. कृष्ण मेनन यांनी झटके थांबवण्यासाठी गुंगीच्या तीन औषधांचं मिश्रण वापरलं आणि १९६१ मध्ये त्याविषयी लिहिलं. देशातल्या रुग्णालयांत ते अनेक वर्षं चाललं. मग मॅग्नेशियम सल्फेट या स्वस्त क्षाराची बाजू भक्कम होत गेली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या १०,१४१ स्त्रिया होत्या, आणि या इंजेक्शनानं झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. पण अमेरिकेत ठरलेली मात्रा आपल्याकडच्या किरकोळ अंगाच्या बायकांना जड जात होती. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतीय स्त्रियांच्या वजनाला बेतलेली कमी मात्रेची पद्धत मांडली. आता उपकेंद्रातल्या परिचारिकेलाही पहिला डोस देऊन मग बाईला पुढे पाठवण्याची मुभा आहे. घाटरस्त्याच्या गावांना या एका सवलतीचा अर्थ फार मोठा आहे, कारण झटका रुग्णवाहिकेची वाट बघत नाही.

रस्ते झाले, टेमघर आणि लवासाकडे जाणारी वाहतूक खोऱ्यातून वाहू लागली, २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दवाखान्यात होणारी बाळंतपणं २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होती, ती २०१९-२१ पर्यंत ९४.७ टक्क्यांवर गेली. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, २०१८-२० मध्ये ३३ उरले. हे यश शेकडो परिचारिकांच्या आणि आशाताईंच्या पायपिटीचं आहे. पण उरलेल्या मृत्यूंत रक्तदाबाचा वाटा ठाण मांडून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ मधल्या विश्लेषणानुसार जगभरात सुमारे १४ टक्के मातामृत्यू याच कारणानं होतात.

रक्तदाब दिवसा, बसवून, जाग्या असलेल्या बाईचा मोजला जातो. रात्रीकडे वैद्यकाचं लक्ष बरंच उशिरा गेलं. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दहाएक टक्क्यांनी उतरतो. गरोदरपणातल्या या आजारात तो उतरत नाही, उलट काहींचा रात्रीच चढतो. का चढतो, याचं एक उत्तर श्वासात मिळालं.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे नाकाच्या आतली त्वचा सुजते, नाक चोंदल्यासारखं होतं. वाढतं गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर गळ्याकडे सरकतं आणि श्वासनलिकेची वरची वाट अरुंद होते. बाई घोरू लागते. काहींच्या बाबतीत ती वाट काही सेकंद मिटतेच. घोरण्याचा आवाज अचानक थांबतो, छाती हलते पण हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि मग मोठा हुंदका घेतल्यासारखा श्वास येतो. प्रत्येक वेळी शरीर धोक्याची घंटा वाजल्यासारखं जागं होतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. बाईला सकाळी यातलं काही आठवत नाही. तोंड कोरडं, डोकं जड आणि दिवसभर पेंग, एवढंच तिला कळतं, आणि पोटुशी बाईला पेंग यायचीच, असं घरचे म्हणतात.

स्वीडनमधल्या उमेओ इथे कार्ल फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणासाठी आलेल्या ५०२ स्त्रियांना झोपेविषयी विचारलं. २००० मध्ये छापलेल्या या अभ्यासात शेवटच्या आठवड्यात नेहमी घोरणाऱ्या २३ टक्के होत्या, तर गरोदरपणाआधी ४ टक्के. घोरणाऱ्यांपैकी १४ टक्के जणींचा रक्तदाब वाढलेला होता, न घोरणाऱ्यांत ६ टक्के. त्याच वर्षी सिडनीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाचा हा आजार असलेल्या गरोदर स्त्रियांना रात्री नाकावर मास्क लावून दाबानं हवा दिली, आणि त्यांचा रात्रीचा रक्तदाब उतरलेला दिसला. २०१२ मध्ये मिशिगनच्या लुईस ओब्रायन यांनी १,७०० हून अधिक गरोदर स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवलं, की गरोदरपणात नव्यानं सुरू झालेलं घोरणं जास्त अर्थपूर्ण आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत पहिलटकरणींना घरीच झोपेत लावायचं उपकरण दिलं गेलं. ३,७०५ जणींच्या या अभ्यासात ज्यांचा श्वास झोपेत अडत होता, त्यांना पुढे गरोदरपणातल्या रक्तदाबाचा हा आजार होण्याची शक्यता जवळपास दुप्पट निघाली.

मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ मध्ये झोपेतल्या श्वासाच्या विकारांचा महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २५० मध्यमवयीन माणसं होती आणि ती सगळी पुरुष होती. १९.५ टक्क्यांमध्ये श्वासाचा विकार सापडला. घोरणारा म्हणून जगभरच्या दवाखान्यांसमोर जो चेहरा होता तो जाडजूड, पन्नाशीच्या गृहस्थाचा. गरोदर बाई त्या चित्रात बसत नव्हती. बायका स्वतःही घोरण्याबद्दल बोलत नाहीत, लाज वाटते. सासूसमोर तर विषयच नको. त्यामुळे रात्रीची ही खूण दवाखान्यात सांगितली गेली नाही आणि कागदावर आली नाही.

इथेच माहेरी जाण्याच्या रिवाजाचा संबंध येतो. हा रक्तदाब वाढतो बहुधा पहिल्या बाळंतपणात आणि बहुधा सातव्या महिन्यानंतर. नेमक्या त्याच वेळी बाई घर बदलते, गाव बदलते, दवाखाना बदलते. सासरच्या उपकेंद्रात पाचव्या महिन्यात तिचा दाब १०० वर ६० नोंदलेला असतो. माहेरच्या परिचारिकेला नवव्यात १३० वर ८५ दिसतो. आकडा मर्यादेच्या आत, म्हणून ती निर्धास्त. पण याच बाईसाठी ती तीस अंकांची झेप आहे, आणि ती आधीचं कार्ड सोबत असल्याशिवाय कळत नाही. श्वासाचंही तसंच. सासरी नवऱ्याला किंवा जावेला ऐकू आलेलं घोरणं माहेरी सांगायला कुणी नसतं. आईला वाटतं, थकली आहे पोर.

मात्र याच रिवाजात उपायही आहे. माहेरी लेक आईच्या अंथरुणाशेजारी झोपते, आणि आईची झोप सावध असते. माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, हिमोग्लोबिन, लघवी आणि रक्तदाबाचे रकाने आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला मातांची मोफत तपासणी असते, तीही २०१६ पासून. तिथे आईला तीन प्रश्न विचारायला खर्च येत नाही: घोरणं गरोदरपणात सुरू झालं का, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो का, दचकून उठते का. उत्तर होय असेल आणि पायांबरोबर चेहरा आणि बोटंही सुजली असतील, अंगठी निघत नसेल, तर त्या बाईचा दाब पंधरा दिवसांनी न मोजता दोन-तीन दिवसांनी मोजायला हवा. उताणं न झोपता कुशीवर झोपणं तिला आजपासून जमेल. जोखमीच्या बाईला सोळाव्या आठवड्याआधी कमी मात्रेची ॲस्पिरिन डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू करता येते. श्वासाला मदत करणारा मास्क मोठ्या शहरातच मिळतो आणि त्यानं रक्तदाबाचा आजार टळतो का, यावर काम चालू आहे. प्रश्न विचारून वेळेवर पुण्याला पाठवणं मात्र मुठ्यातून आजही शक्य आहे.

बाळ झालं की धोका संपला असं नाही. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, आणि रक्तदाब सहा आठवड्यांपर्यंत चढा राहू शकतो. म्हणजे शेक-शेगडीचा, डिंकाच्या लाडवांचा सव्वा महिना पट्टा आणि फुग्याचाही असायला हवा. त्याच अमेरिकी पाहणीतल्या स्त्रियांना दोन ते सात वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा गरोदरपणापासून श्वासाचा विकार टिकून असलेल्यांमध्ये उच्च रक्तदाब अधिक आढळला. गरोदरपणात रक्तदाबाचा आजार झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो. बाळाचं लसीकरण पूर्ण झालं की माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत तळाशी जातं. ते तिथून काढून, तिशी-चाळिशीत ती कुठल्याही दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेली तरी सोबत न्यायला हवं, आणि डॉक्टरांनी ते मागायला हवं.